अलास्कात सॅमन आणि हॅलिबट एकाच सहलीत पकडायचे असतील तर कधी आणि कुठे जावे?

दोन्ही मासे हवे असतील, तर जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य हा काळ आणि सेवर्ड हे बंदर निवडावे, कारण तेव्हा तिथल्या रेझरेक्शन उपसागरात सिल्व्हर सॅमन येऊ लागतो आणि हॅलिबट हा तळाशी राहणारा चपटा मासाही उन्हाळ्यासाठी खोल समुद्रातून तुलनेने उथळ पाण्यात आलेला असतो. तारीख ठरवताना भरती-ओहोटीचे कोष्टक जरूर पाहावे. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असल्याने प्रवाह मंदावतो आणि हेरिंग या लहान माशाचे आमिष लावलेला गळ तळाशी टिकतो, एरवी गळाला बांधलेले जड शिसेही वाहत जाते. परवाना ऑनलाइन मिळतो, त्याची चिंता नको. मात्र भाड्याच्या बोटींना हॅलिबटसाठी काही वार बंदी असते आणि हे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून ते पाहिल्याखेरीज विमानाचे तिकीट काढू नये.