गव्हर्नरांच्या पत्नी कुठे हरवल्या?

प्रश्न : स्पॅनिश अमेरिकेच्या, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींच्या, सरहद्दीवरील प्रांतांचा इतिहास वाचताना गव्हर्नरांच्या पत्नी क्वचितच भेटतात. त्यांचे स्थान केवळ घरापुरते होते का?

उत्तर : नाही, कारण त्या प्रांतांत गव्हर्नरांचे घर आणि कचेरी एकाच वाड्यात असे आणि त्या घरातील प्रत्येक गोष्टीवर गावाची नजर असे. न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बेर्नार्दो लोपेस दे मेंदिसाबाल 1659 मध्ये प्रांताची राजधानी सांता फे येथे आले, तेव्हा त्यांच्यासोबत पत्नी दोन्या तेरेसा दे आगिलेरा इ रोचे होत्या. इटलीत जन्मलेल्या या सुशिक्षित बाईंवर, पतीचे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांशी वितुष्ट आल्यानंतर, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा संशय घेण्यात आला. शुक्रवारी (यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्याच संध्याकाळी सुरू होतो) स्नान करून कपडे बदलणे आणि इतरांना न समजणाऱ्या इटालियन भाषेतले पुस्तक वाचणे, एवढ्यावरून घरच्या नोकरांनीही साक्षी दिल्या. 1662 मध्ये पती-पत्नी दोघांना अटक करून मेक्सिको सिटीतील इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, तुरुंगात ठेवले गेले, जिथे 1664 मध्ये पतीचा मृत्यू झाला.

तेथे दोन्या तेरेसांनी स्वतःच्या हाताने सविस्तर बचाव लिहिला आणि कोणता साक्षीदार कोणत्या रागापोटी बोलला असेल, याची नोकरचाकर, शेजारी व अधिकारी यांच्यासह नोंद केली. अखेर त्यांच्यावरील खटला स्थगित झाला. सतराव्या शतकातील सांता फेचे घरगुती जीवन आज इतक्या बारकाईने कळते, त्याचे मोठे श्रेय माझ्या मते या लेखनाला द्यायला हवे. पतीच्या कारकिर्दीची तळटीप म्हणून त्याकडे पाहणे अन्यायाचे आहे.