क्लॅम्प मीटर २०, ॲमीटर १६? चुंबकाआधी शंट बघा

सोलर बॅटरीच्या पॅनलवरचा ३० ॲम्पियरचा काटा १६ दाखवतो, वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर २०, म्हणून 'जुन्या मीटरचं चुंबक उतरलं असणार' असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच दुखणं मी भोगलंय.

अशा काट्याच्या (मूव्हिंग कॉइल) मीटरमधून ते २० ॲम्पियर जातच नाहीत. जवळजवळ सगळा करंट शंटमधून, म्हणजे मीटरला समांतर जोडलेल्या अगदी कमी रोधाच्या धातूच्या पट्टीतून जातो. शंटच्या दोन टोकांत जे थोडे मिलिव्होल्ट मिळतात, तेवढ्यावर बारीक तारेच्या कॉइलमधून किंचित करंट वाहतो. चुंबकाच्या पोकळीत कॉइलला पीळ बसतो, स्प्रिंग जिथे तो पेलते तिथे काटा थांबतो. आता मीटर ७५ मिलिव्होल्टचा (म्हणजे तेवढ्यावर काटा पूर्ण ३० वर जाणारा) आणि शंट ३० ॲम्पियरला ६० मिलिव्होल्टचा असेल तर? २० ॲम्पियरला ४० मिलिव्होल्ट, तबकडीवर बरोब्बर १६!

माझ्याकडे हा उद्योग एका सर्व्हिस सेंटरने केला. पॅनल दुरुस्त होऊन आला तो शंट बदलूनच. तक्रार केली तर आधी 'मीटर जुना झालाय', मग 'बॅटरीच चार्ज घेत नाही'. काटा कमी दाखवतो म्हणून त्यांच्याच माणसाने चार्जिंग वाढवून दिलं. पाणी आटत गेलं, बॅटरी बसली, बिल माझ्या नावावर. शंटच्या पितळी ठोकळ्यावर आकडा कोरलेला असतो हो, तो वाचायला कसली डिग्री लागते?

चुंबक अशक्त झालं तरी काटा याच प्रमाणात कमी दाखवतो, त्यामुळे नुसत्या काट्यावरून निदान होत नाही. २० ॲम्पियर चालू असताना शंटच्या छोट्या स्क्रूंवर मल्टिमीटर लावा, मोठ्या बोल्टवर नको. ४० मिलिव्होल्ट आले तर शंट चुकीचा. ५० आले तर मीटरच्या टर्मिनलवरही मोजा; तिथे कमी भरले तर वायर किंवा सैल जोड. तिथेही ५० असतील तरच मीटरवर संशय घ्या. शंटपासून मीटरपर्यंतची वायर कापून लांबवू नका, काही जण हौसेने तेही करतात.

हे फक्त डीसीचं. एसी पॅनलवर सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मरवर चालणारा) ॲमीटर असेल तर चालू लोडवर त्याची वायर अजिबात सोडू नका, तिथे जीवघेणा व्होल्टेज येतो; वायरमनला बोलवा. शंट बदलतानाही आधी सोलरची लाइन बंद करा, मग बॅटरी सोडवा.

आणि हो, काच प्लास्टिकची असेल तर कोरड्या फडक्याने घासू नका. स्थिर विजेने काटा भलतीकडेच चिकटतो. तोंडाची वाफ मारली की बहुतेक वेळा सुटतो.