बटण दाबलं, पलंग आपटला

वाचकांचे प्रश्न : गॅस पंपावर, मोटारीवर आणि रिमोटवर चालणारं फर्निचर

प्रश्न : भिंतीला लावलेला, उभा मिटणारा पलंग चार वर्षं छान चालला. नुकतीच फोमची गादी काढून कापसाची भरून घेतली. आता पलंग खाली घेताना हातातून सुटतो, पाय दाणकन आपटतात. सुतार म्हणतो पंप (पलंगाचा भार तोलणाऱ्या गॅसच्या नळ्या) गेले, बदला. बदलावेत का? (ठाणे)

उत्तर : आधी पाच मिनिटांची तपासणी करा. प्रवासाला निघताना बॅग तोलायचा लटकता काटा घ्या. पलंग जवळजवळ आडवा, पाय जमिनीपासून वीतभर वर, असा दोघांनी धरा. काटा पायथ्याच्या मधोमध अडकवून हळूहळू सगळा भार काट्यावर घ्या. नीट जुळलेला पलंग या जागी तरंगल्यासारखा राहतो, काटा एक-दोन किलोच दाखवतो. गादीचं वजन लांबीच्या मध्यावर पडतं, म्हणून वाढलेल्या वजनाचा निम्माच भार पायथ्याला जाणवतो. फोमची गादी २० किलोची आणि कापसाची ३० किलोची असेल, तर काट्यावर पाचएक किलोची वाढ दिसायला हवी. तेवढीच दिसली तर पंप शाबूत आहेत, भानगड गादीची आहे. बारा-पंधरा किलो दिसले तर मात्र पंपातला नायट्रोजनही गळालाय, सुतार बरोबर आहे.

पंप कितीचे, तेही काढता येतं. चौकट आणि गादी मिळून ४५ किलो आणि त्याचा मध्य बिजागरीपासून १ मीटर धरा. बिजागरीभोवतीचा जोर झाला ४५ × ९.८ × १, म्हणजे ४४१ न्यूटन-मीटर. पंप ज्या रेषेत ढकलतो ती रेघ बिजागरीपासून २२ सेंटिमीटरवरून जात असेल तर दोन्ही पंपांनी मिळून साधारण २००० न्यूटन पेलायचे, म्हणजे प्रत्येकी १०००. हा आकडा नळीवर छापलेला असतो. गादी १० किलोनं वाढली की प्रत्येक पंपाला सव्वादोनशे न्यूटन जास्त लागतात, म्हणजे १२०० चे पंप आले. एकच पंप बदलू नका, चौकट पिळवटते आणि एका बाजूची बिजागरी खिळखिळी होते.

तरी आमचं मत विचाराल तर पंपांऐवजी गादीच परत बदला. जोरदार पंप पलंग खाली असताना कपाटाचं डोकं तितक्याच जोरानं भिंतीपासून ओढतात. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची) असेल तर साध्या प्लास्टिक गिट्टीतला स्क्रू काही महिन्यांत ढिला पडतो, भोवती पांढरी भुकटी दिसू लागते. तिथं केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनानं चिकटवलेला बोल्ट हवा. भिंतीची पलीकडची बाजू आपलीच असेल तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी त्याहून बरी. स्क्रूंच्या वरच्या ओळीला काँक्रीटचा बीम सापडला तर प्रश्नच मिटला.

गादी काढायची ती पलंग उभा असताना, पट्टे सोडून. आडवा असताना काढली तर रिकामी चौकट झटक्यात वर येते आणि वाकलेल्या माणसाची हनुवटी फोडते. पंपही उभ्या पलंगातच, चौकट कपाटाला बांधून काढायचे, कारण तेव्हा ते पूर्ण उघडलेले आणि शांत असतात. नवे बसवताना दांडा खाली, नळी वर. आतलं तेल सीलवर उतरून राहतं आणि सील सुकत नाही.

प्रश्न : छतात जाणारा पलंग, बटणावर सरकणारं कपाट असे व्हिडिओ पाहिले. आमचं घर ३२० चौरस फुटांचं. इथं जमेल? (डोंबिवली)

उत्तर : सरकत्या कपाटाचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये आहे. त्यातूनच ओरी ही कंपनी निघाली. आयकियानं २०१९ मध्ये तिच्याबरोबर रॉगनान नावाचा संच जाहीर केला, तो हाँगकाँग आणि जपानमधल्या छोट्या घरांसाठी. पलंग, टेबल, बैठक आणि साठवण एकाच ठोकळ्यात, आणि ठोकळा सरकून खोलीचे दोन भाग करतो.

आपल्याकडे घोडं अडतं ते लादीवर. कपाट सरकणार त्या वाटेवर लांब सरळ पट्टी ठेवा. पट्टीखाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल, तर चाकं तिथं अडकतील आणि मोटार दमेल. छताचा पलंग तर विसराच. हलता भार स्लॅबला टांगायचा म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीची परवानगी दोन्ही हवं. शिवाय स्लॅबमध्ये विजेचे पाइप पुरलेले असतात, ड्रिल कुठं घुसेल याचा नेम नाही. जुन्या इमारतीत, सळ्या फुगून पोपडे पडत असतील तर विषयच नको.

त्यापेक्षा बँकांच्या रेकॉर्ड रूममधला कॉम्पॅक्टर पाहून या. जमिनीवर रूळ, बाजूला चाक, आणि फायलींनी भरलेलं कपाट एका हाताने सरकतं. मोटार नाही, सॉफ्टवेअर नाही, वीज गेली तरी अडत नाही.

प्रश्न : उंची बदलणारं इलेक्ट्रिक टेबल वीज जाऊन आल्यावर एरर दाखवतं, वर जातच नाही. (पुणे)

उत्तर : मोटारीचे फेरे मोजून टेबल स्वतःची उंची ओळखतं. चालू असताना वीज गेली की मोजणी चुकते. टेबलावरचं जड सामान उतरवा, प्लग काढून मिनिटभर थांबा, परत लावा. खाली जायचं बटण दाबून टेबल तळाशी आणा, सोडा, पुन्हा आठ-दहा सेकंद दाबून ठेवा. बहुतेक टेबलं थोडी आणखी खाली दबून किंचित वर येतात. तिथं मोजणी शून्यापासून सुरू झाली. तरीही एक पाय मागेच राहिला तर त्या पायाची जोडवायर खाली वाकून पाहा, ओढली जाऊन अर्धी निघालेली सापडते.

एरर उगाच येत असेल तर तुम्ही सारखं वर-खाली करत असाल. या मोटारी साधारण दोन मिनिटं चालून अठरा मिनिटं विश्रांती घेतील अशाच बनवलेल्या असतात. संगणकाच्या यूपीएसवर टेबल लावू नका, टेबल उठताना ओढतं तेवढा लोड छोटा यूपीएस पेलत नाही, स्क्रीनसकट सगळं बंद. आणि टेबल अर्धा-पाऊण मीटर वर जातं, तेव्हा भिंतीकडून येणाऱ्या प्रत्येक वायरला तेवढा झोल ठेवा.

प्रश्न : आईच्या, मोटारीवर चालणाऱ्या रिक्लायनरचा (मागे कलणाऱ्या आरामखुर्चीचा) पायठा, म्हणजे पाय ठेवायची फळी, वरच राहिला, वीज असूनही मिटत नाही. (नाशिक)

उत्तर : खुर्चीखालचा वायरीचा जोड आधी पाहा, मागेपुढे होताना तोच सुटतो. मग अ‍ॅडॅप्टरवरचा दिवा. तो मेला असेल तर त्याच व्होल्टचा आणि तीच पिन असलेला आणा. बहुतेकांवर २९ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेलं असतं. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घालायची डबी असेल तर ती फक्त एकदा खुर्ची मिटवण्यापुरती असते. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर पायठा मिटवण्याआधी दर वेळी खाली वाकून बघा.