अतिसममित लॅटिस (अवकाशात नियमित जाळीसारखे मांडलेले बिंदू) बैजिक भूमितीतून खरंच बांधता येतात का, की ग्राम मॅट्रिक्स (पायाभूत सदिशांच्या आपसांतल्या अदिश गुणाकारांचा तक्ता) लिहिली की काम झालं?

येतात. ‘मॅट्रिक्स लिहिली की झालं’ हे मी एमएस्सीच्या सेमिनारमध्ये तोंडावर ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझा विषय होता ई-८, म्हणजे आठ मितींमधला एक अतिसममित लॅटिस. प्रतलावर आठ बिंदू घ्यायचे, ब्लो-अप करायचे, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या जागी एक वक्र बसवायचा. अशा पृष्ठभागावरच्या वक्रांच्या वर्गांचा गट म्हणजे पिकार्ड गट; दोन वर्ग एकमेकांना किती वेळा छेदतात तो त्यांचा छेदांक. या गटात कॅनॉनिकल वर्गाला (पृष्ठभागासोबतच येणाऱ्या एका ठरावीक वर्गाला) लंब असलेला भाग, छेदांकाचं चिन्ह उलटवून, म्हणजे ई-८. एवढं सांगून होतंय तोच एक सर म्हणाले, “ही सगळी सजावट. आठ बाय आठची मॅट्रिक्स लिही आणि बस खाली.” बसलो.

त्या रात्री मेसच्या टेबलावर, स्वतःशी छेदांक −१ असलेले वक्र मोजायला घेतले. बिंदूंच्या जागी आलेले अपवादी वक्र ८. दोन बिंदूंतून रेषा २८. पाचांतून शांकव ५६. सातांतून जाणारे, त्यांतल्या एकावर दुहेरी (म्हणजे तिथून दोनदा जाणारे) असे त्रिघाती ५६. आठही बिंदूंतून जाणारे, तिघांवर दुहेरी असे चतुर्घाती ५६. सहांवर दुहेरी असे पंचघाती २८. बेरीज २३२. ई-८ चे लघुतम सदिश मात्र २४०, आणि प्रत्येक वक्रात कॅनॉनिकल वर्ग मिळवला की एक सदिश मिळतो, म्हणजे वक्रही तेवढेच हवेत. दोन तास बेरजाच तपासत बसलो. शेवटी आकडे एका ओळीत मांडले: ८, २८, ५६, ५६, ५६, २८. डावीकडे ८ आहे, उजवीकडे नाही! षड्घाती राहिले होते: एका बिंदूवर तिहेरी, उरलेल्या सातांवर दुहेरी. तेही ८. ओळ दोन्हीकडून सारखी येते, कारण पृष्ठभागावरचं बर्टिनी इन्व्होल्यूशन (दोनदा केली की सगळं मूळ जागी आणणारी एक सममिती) शून्य घाताला, म्हणजे अपवादी वक्रांना, सहाशी, एकाला पाचाशी, दोनाला चाराशी जोडतं. लॅटिसवर तेच प्रत्येक सदिशाचं चिन्ह बदलतं. मॅट्रिक्सकडे बघून हे कुणाला सुचलं असतं?

बिंदू मात्र सर्वसाधारण स्थितीत हवेत: तीन एका रेषेवर नकोत, सहा एका शांकवावर नकोत, आणि आठांतून जाऊन त्यांतल्या एकावर दुहेरी होणारा त्रिघातीही नको. कॉम्प्युटरवर नुसतं गणित करायचं असेल तर मॅट्रिक्सच सोयीची, हेही खरं.

२४ मितींचा लीच लॅटिस या वाटेने मिळत नाही. तिथे मॉर्डेल-वाइल लॅटिस लागतात: फलन-क्षेत्रावरच्या लंबवर्तुळी वक्राचे बिंदू घ्यायचे आणि लांबी मोजायला कॅनॉनिकल हाइट. शिओदा आणि एल्कीज या गणितज्ञांनी हे उभं केलं. एल्कीजने लक्षण २ मध्ये (जिथे १ + १ = ० धरतात) लीच लॅटिसही असाच मिळवला, १,९६,५६० लघुतम सदिशांसकट. आधी शिओदा वाचा.

आणि गाइड मॅट्रिक्सवरच थांबवत असतील तर ८, २८, ५६, ५६, ५६, २८, ८ ही ओळ फळ्यावर लिहा आणि मधले तीन ५६ कुठून आले ते त्यांनाच विचारा. मला त्या दिवशी हे विचारायचं होतं.