नावात एक ए जादा, म्हणून अनुदान अडलं

प्रश्न : नमस्कार सर. आमच्या बाबाचं आडनाव आधारवर इंग्रजीत डब्ल्यूनं वाघमारे हाये, बँकेच्या पासबुकात तेच व्हीनं, अन् घ झाल्यावर एक ए जादा. अनुदानाच्या यादीत 'नाव जुळत नाही' असा शेरा येऊन रायला. पटवारी म्हणते बँकेत जा, बँकवाला म्हणते सेतूवर जा. गुगलवर काहीबी उलटंसुलटं टाइप केलं तरी त्याले समजते, मंग या कम्प्युटरले काहून समजत नाही का माणूस एकच हाये?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, गुगल चुकलं तर तुमचं काय जाते, दुसरी लिंक दाबता. इथं चुकलं तर पैसे भलत्याच्याच खात्यात, म्हणून याद्या जुळवणारे प्रोग्राम बहुतेकदा अक्षराला अक्षर लावून पाहतात, जरा इकडचं तिकडं झालं का बाद.

जवळची स्पेलिंग ओळखायचं गणित तसं जुनंच आहे. रशियाच्या व्लादिमीर लेव्हेनश्टाइननं 1965 मध्ये एक माप दिलं, एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचं. बाबांच्या आडनावात डब्ल्यूचा व्ही झाला आणि एक ए घुसला, अंतर 2. आता रमेश आणि राजेश इंग्रजीत लिहून बघा, एमच्या जागी जे, अंतर फक्त 1! एकाच माणसाची दोन नावं दूर आणि दोन सख्खे भाऊ जवळ. आपल्याकडं तर एकाच घरात रमेश, राजेश, सुरेश, वर बाप एक, आडनाव एक, कधी कधी गट नंबरही एकच.

उच्चारावरून कोड पाडायची साउंडेक्स म्हणून पद्धत आहे, अमेरिकेत 1918 ला पेटंट झालेली. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते, पुढचे स्वर गाळते आणि व्यंजनांना आवाजाच्या गटाप्रमाणं आकडे देते. तुमचं आडनाव एकदा डब्ल्यू 256, एकदा व्ही 256. आकडे तंतोतंत सारखे तरी कोड वेगळा, कारण आपलं 'व' हे अक्षर तिकडच्या दोन अक्षरांत बसतं हे तिला कोण सांगणार?

मला सगळ्यात पटते ते कॅनडातल्या फेलेगी आणि सुंटर यांचं 1969 चं काम. नुसत्या नावावर जायचं नाही, जन्मतारीख, पत्ता, बापाचं नाव, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि तीन ढीग करायचे : नक्की तोच, नक्की तो नाही, आणि मधला शंकेचा, जो माणसानं बसून तपासायचा. तुमच्या बाबांसोबत जे झालं त्यात हा मधला ढीगच गायब दिसते, शंका आली का थेट 'जुळत नाही'त. अशी यादी पटवाऱ्याच्या, कोतवालाच्या हाती दिली तर चहा थंड व्हायच्या आत सांगतील कोण कोणाचा बाप ते.

तोवर तुम्ही पासबुक दुरुस्त करून घ्या, आधारला हात लावू नका, तिथं नाव जन्मात दोनदाच बदलता येते. सातबाऱ्यावर लेखनचूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडं अर्ज करा. आणि घरात कोणाचं नवीन आधार काढायचं असलं तर लक्षात ठेवा, ऑपरेटर इंग्रजी टाइप करते अन् मराठी आपोआप उमटते, ते स्क्रीनवर दोन्ही वाचून पाहिल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.