कळसूबाईचा सूर्योदय: बारीतून किती वाजता निघावं?

पाच मित्र, त्यातले दोघे आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढणार, एकाचं वजन शंभरच्या घरात, नोव्हेंबरातली एखादी पहाट, आणि शिखरावरून सूर्योदय बघायचा. विचारलंय की पायथ्याच्या बारी गावातून किती वाजता निघावं, वर तंबूत राहावं की गावात, आणि ट्रायपॉड न्यावा का.

वेळेचं आधी सांगतो. तुमच्या चमूने पहाटे अडीच ते पावणेतीनला निघावं. नोव्हेंबरच्या मध्यावर त्या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि बारीपासून पाऊण किलोमीटरहून जास्त उभा चढ आहे. सरावाची माणसं अडीच तासांत वर जातात. नवखा माणूस असला की तीन, साडेतीन धरायचे. इंटरनेटवर 'आम्ही पावणेदोन तासांत पोचलो' असं लिहिणारे भेटतील. त्यांना घाई होती, तुम्हाला नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा हिशोब कशाला, रात्री बारालाच निघू, वर जाऊन गप्पा मारू. ही चूक मी केलेली आहे. सव्वाचारला वर पोचलो होतो. चढताना टी-शर्ट पाठीला चिकटला होता, आणि वर पोचल्यावर पाच मिनिटांत तोच टी-शर्ट बर्फाची पट्टी झाला. शिखर म्हणजे एक छोटं देऊळ आणि चहूबाजूंनी उघडा वारा. खाली बारीत जेवढी थंडी असते त्यापेक्षा वर पाच-सहा अंश जास्त, त्यात वारा वेगळा. अडीच तास आम्ही सहा जण देवळाच्या भिंतीला एका रांगेत चिकटून बसलो होतो आणि दर दहा मिनिटांनी रांगेतला कोपऱ्यातला माणूस बदलत होतो. गप्पा एकाच्याही तोंडून निघाल्या नाहीत. तेव्हापासून सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडं बनियन ठेवतो. वर पोचलं की पहिलं काम, ओलं काढून कोरडं घालायचं. लाजू नका, अंधार असतो. त्यावर स्वेटर आणि कानटोपी. महागडं जॅकेट नसलं तरी चालतं, ओल्या अंगावर घातलेलं जॅकेट मात्र कामाचं नाही.

तंबूचा विचार सोडा. एक तर हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. दुसरं, तंबू, मॅट, स्वयंपाकाचं सामान पाठीवर घेऊन शिड्या चढणं हे पहिल्यांदा येणाऱ्यांना सांगण्यासारखं काम नाही. बारीत घरगुती सोय होते. संध्याकाळपर्यंत पोचा, पिठलं-भाकरी खा, नऊला आडवे व्हा. मुंबईहून गाडीने येणार असाल तर कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून भंडारदऱ्याचा रस्ता. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर. ऑफिस सुटल्यावर निघायचं, रात्री एकला बारीत गाडी लावायची आणि तसंच चढायला लागायचं, हा बेत पुष्कळ जण करतात. डोंगराचं होतं बरोबर. पण चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी, तीस तास न झोपता, कसाऱ्याचा घाट उतरतो. मला आख्ख्या सहलीत भीती वाटते ती त्या दोन तासांची. निदान चालवणाऱ्याला तरी झोपू द्या.

वाटेबद्दल. बारीतून भातखाचरांच्या बांधाबांधाने निघून वाट डोंगराच्या पायाशी जाते, वाटेत खालच्या अंगाला एक देऊळ लागतं, मग खरा चढ. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत. शिड्यांचं नाव ऐकून नवखे घाबरतात, पण दोन हातांनी कठडा धरून खाली न बघता चढलं तर त्या सोप्या आहेत. पहाटे दंवाने कठडे गार आणि ओले असतात, एवढंच.

माझ्या मते अवघड आहे ते गवत.

पावसाळ्यात तो डोंगर हिरवागार असतो, सप्टेंबरात सोनकीने पिवळा. नोव्हेंबरात तेच गवत गुडघ्या-कमरेपर्यंत वाढून वाळलेलं, सोनेरी, फोटोत अगदी देखणं. त्याची पाती उताराच्या दिशेने झोपलेली असतात. त्यावर रात्रभर दंव पडतं. अशा पात्यांवर पाय टाकला की तेल सांडलेल्या फरशीवर टाकल्यासारखा जातो. पायवाट मळलेली आहे, ती वळणं घेत जाते, पण वळणं टाळायला लोकांनी मधूनच सरळ शॉर्टकट पाडलेत आणि ते नेमके गवतातून उतरतात. चढताना कळत नाही, उतरताना कळतं. गवतातून जायची वेळ आलीच तर पात्यांवर नाही, बुडख्यावर पाय ठेवा. गवताचा जो गड्डा असतो, त्याच्या वरच्या अंगाला टाच रोवायची. बुडखा धरून ठेवतो. आणि पाऊल आडवं टाका, बोटं उताराकडे करून नाही.

अंधारात आणखी एक फसगत होते ती ढोरवाटांची. गुरं उताराला आडवी चरत जातात, त्यामुळे मुख्य वाटेला दोन्ही बाजूंनी आडव्या वाटा फुटलेल्या असतात आणि टॉर्चच्या उजेडात त्या मुख्य वाटेपेक्षा चांगल्या दिसतात. पाच-सात मिनिटं तुम्ही सपाट चाललाय, चढ लागलाच नाही, असं झालं की थांबा आणि मागे या. टॉर्चचंही सांगतो: डोक्याला बांधलेल्या टॉर्चने दगडाची सावली डोळ्यांपुढून लपते, सगळी वाट सपाट भासते. खडबडीत जागी टॉर्च काढून कमरेजवळ धरा, प्रत्येक दगडाला सावली येते आणि पाय कुठे टाकायचा ते दिसतं. दोन-दोन टॉर्च न्या. मोबाइलचा उजेड हा टॉर्च नव्हे.

कुसळांची तयारी ठेवा. कुसळी गवताचं बी म्हणजे सुई आणि शेपूट. मोज्यात शिरतं, ओलं झालं की शेपटीचा पीळ सुटताना ती फिरते आणि सुई आणखी आत जाते. बाहेरून ओढलं तर शेपूट हातात येतं, टोक आतच राहतं. मोजा उलटा करून आतल्या बाजूने काढावं लागतं. माझे दोन जोड केवळ याच कारणाने केरात गेले. लोकरी आणि जाड सुती मोजे टाळा, गुळगुळीत नायलॉनचे घाला, पँट पायघोळ आणि खाली मोज्यात न खोचता बाहेर. उघड्या दगडांवर बसताना आधी काठी आपटा, फुरसं या विषारी सापाला दगड आवडतात. आणि अत्तर, परफ्यूम, शेकोटी, सिगारेट काही नको. मधमाश्या आहेत, वाळलेलं गवतही आहे. त्या गवतावर गावातली गुरं उन्हाळा काढतात. एका ठिणगीत ते जातं.

आता तुमच्या वजनदार मित्राबद्दल. तुम्ही त्याच्याविषयी एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या दृष्टीने आख्खा बेत त्याच्याभोवती फिरतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही सात जण होतो. त्यातल्या एकाच्या पोटऱ्यांना मधल्या टप्प्यावर गोळे यायला लागले. पाच वाजायला आले होते. त्याला म्हणालो, तू इथे बस, आम्ही सूर्योदय बघून येतो. तोही म्हणाला, जा. असं विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? आम्ही धापा टाकत सहाच्या आत वर पोचलो आणि शिखर ढगात. देवळाची पताका दहा पावलांवरून दिसेना. काळ्याचं करडं झालं, करड्याचं पांढरं झालं, आणि हा झाला आमचा सूर्योदय. साडेसातला वैतागून खाली निघालो. दोनशे-अडीचशे फूट उतरलो तर ढगाचं बूड संपलं आणि खाली लख्ख ऊन. कळसूबाईवर हे नेहमीचं आहे, दमट हवा चढाला लागून वर जाते आणि नेमकी माथ्यावर टोपी घालते.

मित्र जिथे सोडला होता तिथेच होता. शेजारी गवत कापायला आलेली एक आजी, विळा बाजूला ठेवलेला, आणि हा तिच्या फडक्यातली भाकरी ठेच्याबरोबर खात होता. भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊन कसं उतरलं ते सगळं त्याने एकट्याने पाहिलं होतं. आम्हाला बघून आजी त्याला म्हणाली, 'हेच का रं, एकल्याला टाकून गेलेलं तुझं मैतर?' आम्ही हसलो. तो नाही हसला. मोबाइल मेलेला, अंधारात दीड तास, गवतात काहीतरी खसखसत होतं आणि ते काय होतं हे त्याला आजही माहीत नाही. घरी पोचेपर्यंत त्याने सूर्योदयाबद्दल एक शब्द काढला नाही. नंतर तो आमच्याबरोबर डोंगरावर आला, पण तीन वर्षांनी.

म्हणून आमच्यात आता एकच नियम आहे. सहा वाजता सगळ्यात हळू चालणारा जिथे असेल तिथे सगळ्यांनी थांबायचं, पूर्वेला तोंड करून बसायचं, सूर्य तिथूनच बघायचा आणि मग उजेडात माथ्याकडे निघायचं. हे बारीत जेवतानाच ठरवा, त्याच्या समोर. शिडीखाली ठरवायला बसलात तर तो 'जा' म्हणेल आणि तुम्ही जाल. चालताना त्याला पुढे ठेवा, मागे नाही. मागचा माणूस पुढच्यांना गाठतो तेव्हा त्यांची विश्रांती संपलेली असते, ते उठतात आणि याला बसायला मिळतच नाही. तो पुढे असला की सगळे त्याच्या चालीने चालतात आणि गंमत म्हणजे एकूण वेळ फार वाढत नाही. माणशी तीन लिटर पाणी, थोडं मीठ-साखर, चिक्की, खजूर. त्याच्याकडे एक काठी हवीच, उतरताना गुडघ्यांसाठी.

समजा हवा स्वच्छ मिळाली आणि वेळेत वर पोचलात. पंचांगातल्या किंवा मोबाइलवरच्या वेळेच्या चार-एक मिनिटं आधी तयार राहा, कारण उंचावरून क्षितिज खाली जातं आणि बिंब लवकर दिसतं. क्षितिजावर धुरकं असलं तर मात्र उलट, ते धुरक्यातूनच वर येतं, आधी लाल नाण्यासारखं. पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा हे किल्ले. आणि बिंब वर आलं की बाकीचे सगळे फोटो काढत असताना तुम्ही पाठ फिरवा. पश्चिमेला, इगतपुरीच्या अंगाला, धुक्यावर कळसूबाईची स्वतःची सावली पडलेली असते, रेखीव त्रिकोण. दहा-पंधरा मिनिटांत आखडत जाते. बाजूला अलंग, मदन, कुलंग उन्हात उजळत असतात. दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड, लांब हरिश्चंद्रगड.

देवळात जाऊन या. जुन्या गॅझेटियरमध्ये कळसूची गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याला एका कोळी घरात ती कामाला राहिली ती अटीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी तेच काम सांगितलं. तिने ते केलं आणि थेट डोंगर चढून गेली, परत आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. माझ्या बायकोला आख्ख्या ट्रेकमधलं एवढंच आवडलं होतं.

तारीख निवडताना शनिवारची रात्र टाळा. शिड्यांखाली रांग लागते, स्पीकरवर गाणी असतात आणि तुमचा अडीच वाजताचा हिशोब तिथेच कोलमडतो. नवरात्रात जत्रा असते, तो वेगळा आनंद आहे, सूर्योदयाचा नाही. कोजागरीला मी एकदाच गेलो, शिडीवर माझ्या पुढच्या माणसाच्या किटलीतलं आटीव दूध माझ्या मनगटावर सांडलं. पौर्णिमेनंतरचा दुसरा-तिसरा दिवस, तोही मंगळवार-बुधवार, सुट्टी टाकून साधला तर उत्तम, पहाटेपर्यंत चंद्र डोक्यावर असतो.

उतरायला घाई नको. ऊन चढलं की गवतावरचं दंव जातं, आठ-साडेआठपर्यंत वाट कोरडी होते. तोवर वर चहा घ्या.

ट्रायपॉड न्या की. फक्त ज्याचा आहे त्यानेच वाहायचा, आणि शिडीवर तो सॅकच्या बाहेर आडवा बांधलेला नको, मागच्याच्या डोळ्यात जातो.