नवा प्रशिक्षक आल्यावर इंडियानाचा कॉलेज फुटबॉल संघ एका वर्षात इतका कसा सुधारला?

(फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, अमेरिकन.)

मुख्य कारण ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजच्या संघात जाता येण्याची सोय. 2023 मध्ये इंडियाना विद्यापीठाने 12 पैकी 3 सामने जिंकले होते. मग जेम्स मॅडिसन विद्यापीठातून प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले. साठी ओलांडलेला माणूस, पण आल्या आल्या म्हणाला, "मी जिंकतो. गुगल करा." मला तेव्हा ही फुशारकीच वाटली होती! पण ते एकटे आले नाहीत, जुन्या संघातले डझनभर खेळाडू सोबत घेऊन आले. त्यामुळे पद्धत शिकवण्यात वर्ष वाया गेलं नाही. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कर्टिस रोर्क ओहायो विद्यापीठातून आला आणि, नंतर कळलं, गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना जवळपास अख्खा हंगाम खेळला.

2024 ला ओळीने 10 विजय. मग ओहायो स्टेटने (हे रोर्कच्या ओहायोपेक्षा वेगळं विद्यापीठ) 38-15 असं जमिनीवर आणलं. तो राग पर्ड्यू विद्यापीठावर निघाला, 66-0. प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत नोत्र दाम विद्यापीठाकडून 27-17 हार. एकूण 11 विजय, 2 पराभव.

वेळापत्रक सोपं होतं हा आक्षेप थोडा खराच आहे, पण सोपे सामने तरी आधी कुठे जिंकत होते?